आयन-शलाका शोधन, धातुपृष्ठाचे

निर्वातात वेगवान आयनांचा (विद्युत् भारित अणूंचा) मारा करून धातूच्या पृष्ठावरील ऑक्साइड, कार्बन इ. अशुद्धींचे थर काढून टाकण्याची पद्धत. माऱ्यामुळे पृष्ठावरील अणू बाहेर फेकले जाण्याच्या क्रियेला कणक्षेपण म्हणतात. डब्ल्यू. आर. ग्रोव्ह यांनी १८५२ मध्ये ती विद्युत् विसर्जन नलिकेत पाहिली. एच. ई. फार्न्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये जर्मेनियम व टिटॅनियम यांच्या पृष्ठांचे शोधन या पद्धतीने केले. यासाठी बहुधा आर्गॉन वापरतात. मारा अपुरा पडल्यास अशुद्धी उरतात. तो फार वेळ चालल्यास पृष्ठ खडबडीत होते व आर्गॉनाचे अणू धातूत रुततात. म्हणून कालावधीचा अंदाज आधी करावा लागतो.

कालावधीचा अंदाज : एका आयनामागे सरासरीने बाहेर पडणाऱ्या अणूंच्या संख्येस क्षेपण-गुणांक म्हणतात. तो आयनाची ऊर्जा, आपाताचा कोन व धातू यांवर अवलंबून असतो. ५०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आर्गॉन आयनांचा लंब दिशेने मारा केल्यास तांब्यासाठी तो सु. २.३ असतो. प्रवाह-घनता दर चौ. सेंमी.ला १० मायक्रोअँपिअर असल्यास दर चौ. नॅनोमीटरवर सेकंदाला सु. ०.६२ आयन पडतात व सु. १.४ अणू सुटतात. तांब्याच्या एका अणुथरात तेवढ्या क्षेत्रात सु. १५ अणू असल्यामुळे एक थर निघण्यास सु. १० सेकंद, तर ३ नॅनोमीटर जाडी निघण्यास सु. ३ मिनिटे लागतात.

मर्यादा : ऑक्साइडाचा क्षेपण-गुणांक धातूहून वेगळा असतो. उदा., ॲल्युमिनियमाचे ऑक्साइड त्या धातूपेक्षा पुष्कळ सावकाश निघते. नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या दुय्यम इलेक्ट्रॉनांमुळे मोजलेला प्रवाह प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. त्यामुळे हिशेबाने काढलेला वेळ अपुरा पडतो. म्हणून टँटलमावरील ज्ञात जाडीच्या ऑक्साइड थरावर क्षेपणाचा वेग आधी ठरवून घेतात. निर्वातही उच्च प्रतीचा लागतो. क्रियाशील वायूंचा दाब टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतका असला व पडणारा प्रत्येक रेणू चिकटला, तर सु. एका सेकंदात नवा थर साचतो. वरील शलाकेला एक थर काढण्यास १० सेकंद लागत असल्याने अशा स्थितीत पृष्ठ कधीच स्वच्छ होणार नाही.

सारांश, हिशेबाने मिळणारा काल हा केवळ आरंभबिंदू होय. शोधन पूर्ण झाल्याची खात्री ऑजे इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानासारख्या पद्धतीने करतात. स्फटिकी नमुन्यांच्या बाबतीत माऱ्यानंतर अनुशीतन (तापवून सावकाश थंड करणे) करून विस्कटलेली अणुरचना पूर्ववत करतात. तापविल्याने आतील अशुद्धी पृष्ठावर येत असल्यास हे चक्र पुनःपुन्हा करावे लागते.