धीर धरायचा, पण कशावर?



गटांच्या बैठकांना फिरताना अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो. "ताई, पोरानं मोबाइलवर कॉइन घेतलेत. भाव पडलाय. तो म्हणतो, आई, विकायचं नाही, धीर धरायचा. धरावा का?" आज याच प्रश्नावर बोलू या. 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असा हुकूम मी देणार नाही. पण धीर कुठे कामाला येतो आणि कुठे तो आपल्यालाच बुडवतो, एवढं तरी नीट समजून घेऊ.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. बिटकॉइन २००९ साली सुरू झालं. ते हातात धरता येत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर एकच वही ठेवलेली असते, आणि कुणाकडे किती बिटकॉइन आहेत याची नोंद त्या वहीत असते. आपल्या गटाचं लेखापुस्तक प्रत्येक सभासदाच्या घरी असावं आणि एकीनं खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या वह्यांवरून लगेच कळावं, तसंच हे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर कधीच होणार नाहीत, असा त्याचा नियम आहे. माल मर्यादित आहे, मागणी वाढली की भाव वाढेल, या हिशेबानं लोक ते वर्षानुवर्षं धरून ठेवतात.

धरून ठेवणाऱ्यांना फायदा झालेला आहे, हे खरं आहे. २०१० च्या मे महिन्यात अमेरिकेत एका माणसानं १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले होते. डिसेंबर २०२४ मध्ये एकाच बिटकॉइनचा भाव १ लाख डॉलरच्या वर गेला. मुलं आपल्याला हीच गोष्ट सांगतात. पण या दोन टोकांच्या मधली वाट कशी होती, ते कुणी सांगत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९,००० डॉलरच्या आसपास होता. बरोबर एका वर्षानं तो १६,००० च्या खाली आला. आपल्या रुपयांत सांगायचं तर तेव्हा १०,००० रुपये टाकणाऱ्या बाईकडे वर्षभरानं साधारण अडीच हजार उरले. आता हिशेब नीट ऐका. १०० चे २५ झाले की ७५ टक्के गेले. पण २५ चे पुन्हा १०० व्हायला भाव चौपट व्हावा लागतो. तो जुना भाव परत दिसायला मार्च २०२४ उजाडला, म्हणजे दोन वर्षं आणि वर काही महिने गेले.

या दोन वर्षांत आपल्या घरात काय काय होतं? दोन खरीप येतात. बियाणं, खत लागतं. मुलीची फी भरायची असते. कुणाचं तरी दुखणंखुपणं निघतं. ज्या बाईचे ते १०,००० याच खर्चासाठी होते, तिला अडीच हजारांवर विकावंच लागलं असतं. नाहीतर सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलावे लागले असते. पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ टक्के. मग पुढे भाव आला तरी तिच्या हाती काय राहिलं? धीर मनातून येतो असं आपण म्हणतो. पैशाच्या बाबतीत मात्र धीर येतो तो घरातल्या धान्याच्या कणगीतून आणि गटात साठवलेल्या बचतीतून. ज्याच्या घरी वर्षाची सोय आहे, तोच थांबू शकतो.

दुसरी गोष्ट, धीर कशावर धरलाय. तुरीला भाव नसला की आपण पोती घरात ठेवतो. भाव आलाच नाही तर डाळ करून खातो. सोनं असलं तर गहाण ठेवून कर्ज मिळतं. कॉइनचं तसं नाही. ते घरात नुसतं पडून राहिलं तर व्याज देत नाही, पीक देत नाही. पुढं घेणारा भेटला तरच त्याला मोल.

शिवाय बिटकॉइन हे एक नाणं झालं. अशी हजारो नाणी निघाली आणि त्यातली पुष्कळ मेली. 'लुना' नावाच्या नाण्याचा भाव मे २०२२ च्या सुरुवातीला ८० डॉलरच्या वर होता. आठवडाभरात तो एका सेंटच्याही खाली गेला. जगभरात कितीतरी लोकांनी 'परत वर येईल' म्हणून ते धरून ठेवलं. वाळलेल्या झाडाला कितीही पाणी घातलं तरी पालवी फुटत नाही.

तिसरी गोष्ट, माल कुणाच्या घरात ठेवलाय. ॲपवर दिसणारा आकडा म्हणजे आपल्या हातातलं नाणं नव्हे, ते त्या कंपनीच्या ताब्यात असतं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २,००० कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. इथं ते नाही. स्वतःकडेच ठेवायचं म्हटलं तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक गुप्त किल्ली असते. ती हरवली की नाणी गेली. ती दुसऱ्याला सांगितली तरी गेली.

सरकारचा नियमही माहीत असावा. ही नाणी आपल्या देशात कायदेशीर चलन नाहीत. २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. एका नाण्यात १०,००० नफा आणि दुसऱ्यात १०,००० तोटा झाला, तरी तोटा वजा करता येत नाही. हाती काही उरलं नाही तरी नफ्यावरचे ३,००० भरायचेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'धीर धरा' हे वाक्य फसवणाऱ्यालाही फार आवडतं. 'गेनबिटकॉइन' या योजनेत दर महिन्याला १० टक्के, असं १८ महिने परतावा देऊ म्हणून सांगितलं गेलं होतं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. अशा योजनांत पहिले एक-दोन हप्ते मिळतात. मग हप्ते थांबतात आणि 'थोडं थांबा, सिस्टीम अपडेट चालू आहे' असं ऐकू येतं. आपण थांबतो, तेवढ्यात समोरचा गाव सोडतो.

खऱ्या बाजारातला धीर आणि हा धीर वेगळा कसा ओळखायचा? तीन गोष्टी पाहा. एक, ठरावीक परताव्याची हमी देतात का? खऱ्या नाण्याच्या भावाची हमी कुणालाच देता येत नाही. दोन, आणखी माणसं जोडा म्हणतात का? तीन, पाचशे रुपये काढून बघा. ते विनासायास खात्यात आले पाहिजेत. 'काढायचे असतील तर आधी कर भरा, फी भरा' म्हटलं की समजा, हा डाव आहे. आणि थोडे पैसे परत आले म्हणूनही गाफील राहू नका. मोठा मासा धरायला छोटं आमिष लावतातच.

घरात मुलगा कमावता असेल आणि स्वतःच्या पैशातून थोडं टाकत असेल, तर भांडू नका. विचारा, "बाळा, हे सगळे गेले तर घराचं काही अडेल का? पाच वर्षं हे विसरून राहता येईल का? कर्ज काढून तर घेतलं नाहीस ना?" उत्तरं सरळ आली तर त्याला त्याचं शिकू द्या. अडखळला तर जवळ बसून हिशेब मांडा.

गटाच्या पैशाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. गटाची बचत, अंतर्गत कर्ज, बँकेनं दिलेलं कर्ज यातला एक रुपयाही तिकडे जाता कामा नये. तो पैसा दहा जणींचा आहे, आणि त्यातल्या कुणाला उद्या सकाळी दवाखान्यासाठी लागेल हे आपल्याला आज माहीत नसतं. कर्ज देताना कारण विचारतो तेव्हा हेही विचारा आणि ठरावात लिहून ठेवा.

फसवणूक झाली असं वाटलं तर लाजून घरात बसू नका. १९३० या नंबरवर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी कळवलं तर ते अडवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचे मेसेज, फोन नंबर, स्क्रीनशॉट जपून ठेवा. इथं मात्र धीर धरू नका, तास न् तास मोलाचा असतो.

पुढच्या बैठकीत हा विषय वाचून दाखवा आणि प्रत्येकीला एकदा विचारा, आपल्या घरात कुणी यात पैसे टाकलेत का.