तीन दिवसांची कोकणसफर आणि एक राखीव तास

व्यापारी कुटुंबांच्या सहलीला वेळेची मर्यादा असते. दुकानाची साप्ताहिक सुट्टी, तिला जोडून फार तर दोन दिवस, आणि तेवढ्यात सर्व काही पाहावयाचे. बँकेच्या नोकरीत माझीही स्थिती याहून निराळी नव्हती. म्हणून तीन दिवसांत घाट आणि समुद्रकिनारा दोन्ही पाहता येतील असा, मी स्वतः दोनदा केलेला मोटारीचा मार्ग वाचकांपुढे ठेवीत आहे. पहिल्या वेळी माझ्या हातून एक चूक घडली. तीही सांगणार आहे, कारण नियोजनाचा खरा धडा तिच्यातच आहे.

पहिल्या दिवशी पहाटे कोल्हापूर सोडावे. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा या मार्गाने रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर आहे. तेथे लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी बांधलेला राजवाडा पाहावा. दुपारनंतर आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळ्यास मुक्कामी जावे. रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि खाली दोन्ही किनारे एकदम दृष्टीस पडतात.

दुसऱ्या दिवशी मालगुंड येथे कवी केशवसुतांचे स्मारक पाहून जयगड गाठावे. शास्त्री नदीच्या मुखावरील हा किल्ला पाहून झाला की मोटारीसह फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला उतरावे. बोटीच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात. पुढे हेदवी, वेळणेश्वर आणि गुहागरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड या मार्गाने घरी परतावे. एकूण अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. लिटरला पंधरा किलोमीटर धरल्यास अठ्ठावीस लिटर इंधन लागते.

अंतर थोडे वाटले तरी कोकणात ताशी तीस-पस्तीस किलोमीटरहून अधिक वेग हिशेबात धरू नये. दोन्ही घाट दिवसाउजेडी पार करावेत. उतारावर केवळ ब्रेकवर विसंबू नये; ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. निघण्यापूर्वी ब्रेक, टायरमधील हवा आणि स्टेपनी तपासून घ्यावी. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आपल्या घरांतील मुख्य प्रश्न भोजनाचा. डिसेंबरात तेथे सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सूर्यास्त किनाऱ्यावर पाहावयाचा आणि भोजनही त्यापूर्वी आटोपावयाचे, तर पानावर पाच वाजताच बसले पाहिजे. घरगुती खानावळीस दोन दिवस आधी दूरध्वनी करून कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्याचे स्पष्ट सांगावे. सोलकढीतही पुष्कळदा लसूण असते, हे ध्यानात ठेवावे. पूर्वसूचना दिल्यास तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले असा साधा, रुचकर बेत मिळतो. वाटेसाठी दशम्या, चटणी आणि उकळून गाळलेले पाणी घरूनच घ्यावे.

पंचांगाचाही येथे उपयोग होतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, आणि तेथून सहा तासांनी ओहोटी. हेदवीला खडकातील अरुंद घळीत भरतीचे पाणी शिरून उंच उसळते; तिला बामणघळ म्हणतात. पहिल्या वेळी आम्ही अष्टमीच्या भर दुपारी तेथे पोचलो आणि कोरडा खडक पाहून परतलो.

परंतु माझी चूक ती नव्हे. सहा वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतरच्या त्या पहिल्या सहलीत, माझी आई बरोबर होती. वय एक्याऐंशी. आयुष्य दुकानामागच्या घरात गेलेले. समुद्र तिने पूर्वी एकदाच पाहिला होता. मी तासातासाचा तक्ता करून त्याच्या प्रती सर्वांना दिल्या होत्या. आरे-वारेच्या वळणावर आई म्हणाली, “बाळ, इथं थोडं बसूया का? पाण्यात पाय बुडवीन म्हणते.” आम्ही तक्त्याच्या चाळीस मिनिटे मागे होतो. मी म्हणालो, “येताना थांबू.” ती काही बोलली नाही.

मार्ग वर्तुळाकार होता. येताना तो रस्ता लागणारच नव्हता, आणि तक्ता करणाऱ्या मलाच त्या क्षणी त्याचे भान राहिले नाही. तिसऱ्या दिवशी पाटण ओलांडल्यावर आईने विचारले, “तो समुद्राचा रस्ता परत लागणार होता ना?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी ती गेली.

बँकेत आम्ही बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करून ठेवत असू. नफा कितीही कमी दिसला तरी ती चुकवत नसू. प्रवासाच्या तक्त्यात मात्र मी एका मिनिटाचीही तरतूद ठेवली नव्हती. गतवर्षी पत्नी आणि नातवंडांसह त्याच मार्गाने पुन्हा गेलो, तेव्हा रत्नागिरीतील एक स्थळ वगळले आणि प्रत्येक दिवशी एक तास राखीव ठेवला. त्या तासापुढे काहीही लिहिले नव्हते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल यांनी तो कोठे खर्च करावयाचा ते ठरवावे, एवढाच नियम. पहिल्या दिवशीचा तास पत्नीने आरे-वारेलाच मागितला. सर्वांनी पाण्यात पाय बुडवले. मी थोडा वेळ बाजूला बसलो.

तक्ता अवश्य करावा; त्यावाचून तीन दिवसांत काहीच पदरी पडत नाही. मात्र बरोबर कोणी वृद्ध असेल आणि मार्ग वर्तुळाकार असेल, तर “येताना थांबू” असे म्हणू नये. तेव्हाच गाडी बाजूला घ्यावी.