मांचुरियनचे गाव कोणते?

कोडोली-वारणानगर परिसरात दिवेलागणीला चायनीजच्या गाडीवर कढईवर पळी आपटू लागली, की कॉलेजची मुले जमतात. तिथल्या मांचुरियनचा मंचुरियाशी काही संबंध नाही. कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची ही सुरुवात आपलीच. पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि रस दाट व्हायला कॉर्नफ्लोअर. गाडीवर कोंबडीऐवजी कोबीचे गोळे आले आणि पदार्थ स्वस्त झाला. भात आधी शिजवून गार केलेला असतो, म्हणून दाणा मोकळा राहतो. आच मोठी, म्हणून प्लेट लगेच हाती येते.

हॉटेलात बसण्याइतके पैसे खिशात नसणाऱ्यालाही इथे हाफ प्लेट मिळते आणि बाकावर शेजारी कोण बसले, हे कोणी विचारत नाही. ‘हे आपले खाणे नव्हे’ म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे : मिरचीसुद्धा पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आली. आज तिच्यावाचून कोल्हापूरचा तांबडा रस्सा होईल काय?