एमसीबी सारखा का पडतो?

उन्हाळा लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे घरात कूलर सुरू होतो आणि अंगणात बिबडे, कुरडया, पापड वाळू लागतात. गटांना ऑर्डरी याच दिवसांत येतात. घरघंटी सकाळपासून फिरते आणि नेमका तेव्हाच एमसीबी पडतो.

आमच्या गटातल्या एका ताईंकडे कूलर, घरघंटी आणि इंडक्शन शेगडी एकाच बोर्डावर चालायची. एमसीबी रोज पडायचा, म्हणून कुणीतरी १० चा काढून ३२ चा बसवून दिला. पडणं थांबलं, पण चार दिवसांनी जळका वास आला. सॉकेट वितळलं होतं, वायर काळी पडली होती. लेकरं तिथंच झोपली होती.

तेव्हा आम्हाला कळलं, एमसीबी हा वायरीचा राखणदार. वायरीला सोसवेल त्याहून जास्त करंट वाहू लागला की तो पडतो. त्याचा आकडा वाढवला म्हणून वायर जाड होत नाही.

हिशेब सोपा आहे. वस्तूवर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागा, ॲम्पिअर मिळतात. १००० वॅटची इस्त्री साधारण साडेचार ॲम्पिअर घेते, २००० वॅटची शेगडी पावणेनऊ. घरघंटीची मोटार सुरू होताना क्षणभर कितीतरी पट जास्त करंट ओढते.

आता जोड्या ध्यानात ठेवा. लहान सॉकेट ६ ॲम्पिअरचं. त्यावर टीव्ही, पंखा, मोबाइल. वायर दीड एमएमची, एमसीबी ६ चा. मोठं सॉकेट १६ चं. त्यावर घरघंटी, शेगडी, गिझर. वायर निदान अडीच एमएमची, एमसीबी १६ चा आणि बटणही १६ चंच. मोठ्या सॉकेटला लहान बटण लावलं तर ते तापतं. सॉकेट, बटण, वायर यांत ज्याची ताकद सगळ्यात कमी, त्याहून मोठा एमसीबी नको.

कूलरचा शॉक मात्र एमसीबी अडवत नाही. त्यासाठी चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी हवा.

त्या ताईंनी गटातून कर्ज घेऊन घरघंटीला वेगळी लाइन ओढून घेतली. तुम्हीही बोर्डावरचे आणि एमसीबीवरचे आकडे वहीत लिहा, पुढच्या बैठकीत आणा. आपण मिळून बघू. बदल मात्र परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यायचा.