पदवी घ्या, पण समाज सोडा!

कॅनडाच्या संसदेने १८७६ साली ‘इंडियन ॲक्ट’ केला. त्यातले एक कलम आम्हा वकिलांनी तरी विसरता कामा नये. मूलनिवासी माणूस विद्यापीठाचा पदवीधर झाला, डॉक्टर किंवा वकील झाला, की त्याची ‘इंडियन’ ही कायदेशीर ओळख आपोआप रद्द! शिकायचे असेल तर आपल्या समाजातून बाहेर पडा, असा हा हुकूम होता. ही सक्ती १८८० मध्ये निघाली. पण १९२७ ते १९५१ या काळात हक्काचा दावा लढण्यासाठी सरकारी परवानगीविना वर्गणी गोळा करणेही गुन्हा होता.

सरकार आणि चर्च यांनी चालवलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूलनिवासी मुले कोंबली गेली. मायबोली बोलली म्हणून त्यांना मार बसे. चौकशी आयोगाने २०१५ साली याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. या शाळांच्या कल्पनेला ज्याच्या १८४७ च्या अहवालाने आकार दिला, त्या रायर्सनचे नाव टोरांटोतील एक विद्यापीठ २०२२ पर्यंत मिरवत होते.

आता दारे उघडी आहेत, मग तक्रार कसली, असे विचारणारे तिथेही आहेत. ‘तुम्हाला सगळे फुकट मिळते’ हा टोमणा तिथल्या मूलनिवासी विद्यार्थ्याला ऐकावा लागतो. प्रत्यक्षात त्यांच्या शिक्षण निधीच्या वाढीला १९९६ पासून अनेक वर्षे २ टक्क्यांचा लगाम होता!

ही भाषा आम्हाला नवी नाही. ‘कोट्यातून आलेला’ हा तिचाच देशी अवतार. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी डॉक्टर पायल तडवी आम्ही गमावले. त्यांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती इतरांची लेकरे वाचावीत म्हणून.

नुसत्या प्रवेशाने हे थांबत नाही. कारभारात वाटा हवा. कॅनडातील मूलनिवासींनी १९७६ साली सस्काचेवानमध्ये स्वतःचे महाविद्यालय काढले. आज ते फर्स्ट नेशन्स विद्यापीठ आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती याच जाणिवेतून. पण आमची बहुसंख्य मुले इतरांच्या संस्थांत शिकतात. म्हणून तिथल्या निवड समितीवर, अभ्यास मंडळावर, तक्रार समितीवर आमची माणसे हवीत.

आपल्या गावच्या महाविद्यालयात समान संधी कक्ष आहे का? तक्रार आली तर चौकशी कोण करतो? कार्यकर्त्यांनो, या आठवड्यात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा.