सोडलेल्या चेंडूंची आठवण

क्रीडाप्रेमींच्या आठवणी अंतिम सामन्यांच्या आणि करंडकांच्याच असतात असे नाही. मालिकेतला एखादा साधा सामनाही घरात वर्षानुवर्षे सांगितला जातो, कारण तो पाहताना शेजारी कोण बसले होते हेही त्याच्याबरोबर आठवते. विस्मरणाने ग्रासलेल्या ज्येष्ठांच्या घरात अशा आठवणीचे मोल फार मोठे आहे.

आमच्या बीडच्या घरातला तो सामना लीड्सचा. २२ ऑगस्ट २००२, श्रावणातला गुरुवार. इंग्लंडमधील चार कसोटींच्या मालिकेत भारत ०-१ असा मागे होता. आभाळ भरलेले असतानाही सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी स्वीकारली. सेहवागच्या जोडीने सलामीला उतरला बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि वडिलांनी, आमच्या अण्णांनी, खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली होती.

संघाच्या १५ धावा झाल्या असताना सेहवाग बाद झाला आणि राहुल द्रविड आला. पुढे कितीतरी वेळ उजव्या यष्टीबाहेरचे चेंडू सोडून देणे हाच जणू खेळ होता. शेजारची मुले कंटाळून उठून गेली. अण्णा मात्र बांगरने सोडलेल्या प्रत्येक चेंडूला “असंच!” म्हणून दाद देत राहिले. मध्येच वीज गेली, तेव्हा औरंगाबादच्या नातेवाइकांना फोन लावून धावसंख्या विचारली. बांगर ६८ धावा करून बाद झाला, तोवर या जोडीने १७० धावांची भर घातली होती.

त्या पायावर पुढे इमारत उभी राहिली. द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८. डाव ८ बाद ६२८ वर घोषित. बांगरने इंग्लंडच्या दुसऱ्या डावात दोन बळीही घेतले आणि भारताने एक डाव ४६ धावांनी विजय मिळवला.

आज अण्णांनी वयाची ऐंशी ओलांडली आहे. सकाळी न्याहारी झाली की नाही, हे दुपारी त्यांना सांगता येत नाही. परंतु “अण्णा, बांगर कसा खेळला होता?” असे म्हटले की त्यांची पाठ ताठ होते. कधी ते त्याचे शतक झाल्याचे सांगतात, कधी सामना मुंबईत झाल्याचे. आम्ही दुरुस्ती करीत नाही. तो चेंडू सोडून द्यायचा असतो.

स्मृतिभ्रंशात बहुधा नवी माहिती साठवण्याची क्षमता आधी उणावते. भावनेशी जोडलेल्या, वारंवार सांगितलेल्या जुन्या आठवणी तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. म्हणूनच अमेरिकेतील सेंट लुईस येथे बेसबॉलच्या, तर स्कॉटलंडमध्ये फुटबॉलच्या आठवणींभोवती अशा ज्येष्ठांचे गट भरविले गेले. यामुळे आजार बरा होत नाही. पण संवाद आणि मनःस्थिती यांना थोडाफार आधार मिळू शकतो.

घरच्यांनी काय करावे?

• “आठवतं का?” असे विचारून परीक्षा घेऊ नये. “त्या दिवशी वीज गेली होती,” असे आपणच सूत्र हाती द्यावे.
• जुनी छायाचित्रे, कात्रणे किंवा बॅट-चेंडू हाती द्यावा. क्रिकेटच हवे असे नाही. कुस्तीचा फड, कीर्तन, बाजारचा दिवसही चालेल. तरुणपणीचे प्रसंग विशेष बोलके असतात.
• वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. थकवा किंवा अस्वस्थता दिसताच विषय बदलावा. दुःखद आठवण निघाली, तर हात हाती घेऊन ऐकावे.
• सामना पाहताना अधूनमधून उठवून चालवावे. औषधे आणि जेवण यांची वेळ चुकवू नये.

विस्मरण हे केवळ वयाचे लक्षण मानू नये. जीवनसत्त्व ब-१२ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही ते उद्भवते आणि त्यावर उपचार होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गोंधळलेपणा अचानक आला, तर क्षणाचाही विलंब नको.

शुश्रूषा हा कसोटीसारखाच लांबलेला खेळ आहे. त्यात रोज धावा निघत नाहीत. उद्याही खेळपट्टीवर उभे राहता यावे, यासाठी काळजी घेणाऱ्यानेही विश्रांती घ्यावी आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी आपल्या जोडीला बोलवावे.