भवानीचा कौल आणि माफीचा साक्षीदार

सूर्य फुगला, समुद्र आटले, माणूस माणसाला खाऊ लागला. अशा जगात वाचलेली मूठभर माणसं अटलांटिकच्या कोरड्या तळावरून वाट काढताहेत. सोबतीला एक यात्रेकरू आहे, चेहऱ्यावर क्रूसाचा डाग, तोंडी बायबल, हातात बंदूक. गार्थ एनिस यांनी लिहिलेली आणि कार्लोस एझ्केरा यांनी चितारलेली ‘जस्ट अ पिलग्रिम’ ही कॉमिक मालिका २००१ साली आली. देवाचं नाव घेऊन मुडदे पाडणारा हा माणूस एकेकाळी नरमांस खाऊन जगला होता. वाचकाला त्याची भीती वाटते, तरी डोळे त्याच्यावरून हटत नाहीत.

या प्रतिनायकाचा पूर्वज जबलपूरच्या दप्तरात सापडतो : भवानीचं नाव घेऊन प्रवाशांचा गळा आवळणारा ठग.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. नागपूरकर भोसल्यांचा नर्मदाकाठचा मुलूख, जबलपूरसकट, इंग्रजांकडे गेला. पेंढारी मोडले, संस्थानी फौजा मोडल्या, तलवारीवर पोट भरणारे हजारो शिपाई उघड्यावर पडले. मध्य हिंदुस्थानापुरतं जग तेव्हा खरोखरच बुडालं होतं. त्या ओसाड वाटांवर ठग होते. ते आधीही होते, पण कंपनी सरकारच्या नजरेत ते याच काळात ठळकपणे भरले.

कंपनीचा अधिकारी विल्यम स्लीमन १८२२ ते १८२४ नरसिंहपूर जिल्हा सांभाळत होता. आपल्या हद्दीत पानही हललं तर कळेल, असा त्याचा भरवसा होता. पुढे कबुलीजबाबांतून उघड झालं, की त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची टोळी राहत होती आणि एका मुक्कामाच्या अंतरावरच्या मुंडेसरच्या झाडीत प्रेतं पुरली जात होती. यानंतर जबलपूरहून त्याने ठगांविरुद्ध जी मोहीम उघडली, तिच्यामागे हा धक्का होता, असं मला वाटतं.

ठगांची रीत अशी : वाटेत प्रवाशांशी ओळख काढायची, दिवसेंदिवस सोबत चालायचं, विश्वास बसला की मुक्कामावर गप्पांना बसायचं. मग कोणीतरी ‘तमाखू लाओ’ म्हणायचा. हीच झिरणी, म्हणजे इशारा. त्याबरोबर मागे बसलेल्याचा रुमाल गळ्याभोवती पडायचा. खड्डे खणणारे वेगळे, त्यांची कुदळ पूजेची. काम झाल्यावर भवानीच्या नावाने गूळ वाटायचा. टोळीत मुसलमानही असत आणि तेही हा गूळ खात. फिरंगिया या पकडल्या गेलेल्या नामांकित ठगाने तर सांगितलं, की हा गूळ एकदा खाल्ला की माणूस दुसऱ्या कशाचा राहत नाही.

पकडलेल्या ठगांच्या अशा जबान्यांतूनच स्लीमनने १८३६ मध्ये ‘रामासीआना’ हा ठगांच्या गुप्त बोलीचा ग्रंथ काढला. त्याच वर्षीच्या कायद्याने नुसतं टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. १८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ कादंबरी आली.  तिचा नायक, ठग अमीर अली, साहेबासमोर बसून आपले खून शांतपणे सांगतो, शकुन पाळतो, आणि नकळत सख्ख्या बहिणीचाही गळा आवळतो. व्हिक्टोरिया राणीनेही ती कादंबरी मोठ्या उत्सुकतेने वाचली.

इथेच थांबून विचार करायला हवा. हे सगळं सांगणारे होते माफीचे साक्षीदार. फाशी टाळायची तर बोलायला हवं, आणि ऐकणाऱ्या साहेबाला देवी, शकुन, कौल यांत फार रस. भुकेची, बुडालेल्या चाकरीची आणि ठगांकडून वाटा घेणाऱ्या जमीनदारांची गोष्ट मागे पडली. इतिहासकार स्टुअर्ट गॉर्डन यांनी १९६९ मध्ये आणि किम वॅगनर यांनी २००७ मध्ये नेमकी ती पुढे आणली. खून खोटे नव्हते, श्रद्धाही असेल, पण खुनाचं मूळ श्रद्धेत होतं हे मला पटत नाही. स्लीमनच्या नातवाने तर १९३३ साली पुस्तकाच्या नावातच दहा लाख खून घातले! इतिहासकार तो आकडा मानत नाहीत.

साक्षीदार सुटले नाहीत. जबलपूरच्या उद्योगशाळेत ते आणि त्यांची मुलं तंबू शिवत, गालिचे विणत राहिली.

कॉमिक काढणाऱ्या आपल्या तरुण चित्रकारांना माझी विनंती आहे : या विषयाला हात घाला. पण पहिलं चित्र देवळातल्या मूर्तीचं नको, सीताबर्डीनंतर रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्या शिपायाचं काढा.